व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप

पाइपचं एक टोक हनुमंतानं दोन्ही गुडघ्यांत धरलं, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि दातओठ खाऊन पीळ दिला. पाइप हलला नाही. हनुमंतच स्टुलावर अर्धा फिरला.

"मोडंल का वो?" अश्विनीनं विचारलं.

"प्लॅस्टिक हाय. म्हनून तर जपून चाललंय."

जपून वगैरे काही नव्हतं. अंगात होता तेवढा सगळा जोर त्यानं लावला होता, आणि तो पुरत नव्हता.

ओतूरच्या एसटी स्टँडमागे त्याचं दुकान होतं. एकतीस वर्षं त्यानं पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. विहिरीत पडलेला एक रेडिओदेखील त्यानं चार दिवस उन्हात सुकवून बोलता केला होता. पण तांब्याची तार हातानं गुंडाळता गुंडाळता उजवा अंगठा कामातून गेला होता. दीड वर्ष झालं, त्या अंगठ्याला ना गार कळत होतं ना गरम, आणि पकड तर दिवसेंदिवस ढिली पडत होती.

हे फक्त त्याच्या मुलीला, प्रज्ञाला, माहीत होतं. ती पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. आई, शकुबाई, गेल्यापासून ती त्याच्या मागे लागली होती, की आबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. मागच्या उन्हाळ्यात तिनं फारच लावून धरलं, तेव्हा हनुमंत तोऱ्यात म्हणाला होता, "ज्या दिशी एक वस्तू माझ्याच्यानं व्हनार न्हाई, त्या दिशी कुलूप लावीन."

"शब्द?" प्रज्ञानं विचारलं होतं.

"शब्द."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून दुकानात येणारी प्रत्येक वस्तू त्याला परीक्षेच्या पेपरासारखी दिसू लागली. आठ महिने तो पास होत आला होता. आणि आज पिंपळवंडीहून अश्विनी आणि तिची सासू कुशाबाई हे यंत्र घेऊन आल्या होत्या. कुशाबाईला दमा होता. धुळीनं तो उसळतो म्हणून भोसरीच्या कंपनीत कामाला असलेल्या तिच्या मुलानं, आदेशनं, हा व्हॅक्यूम क्लीनर घरी पाठवला होता. आता तो नुसताच घोंघावत होता, ओढत काही नव्हता. दोन पाइप जिथे एकमेकांत बसतात तिथेच आत काहीतरी घट्ट बसलं होतं. दोन्ही तोंडं वाकडी असल्यामुळे तार आत जात नव्हती. सांधा सोडवल्याशिवाय इलाज नव्हता, आणि सांधा सुटत नव्हता.

हनुमंतानं तेल सोडलं. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून पाहिलं. पाना उचलला आणि परत ठेवून दिला, कारण पान्यानं पाइप चिरला असता.

"ह्यानं वढलंय तरी काय?" त्यानं विचारलं.

"धूळच. दुसरं काय वढनार?" अश्विनी आपल्या पायांकडे बघत म्हणाली.

बाकावर बसलेली कुशाबाई उठली. तिनं पाइप हातात घेतला, वास घेतला आणि सुनेकडे पाहिलं.

"पडवी कवा सारवली व्हती गं?"

"मंगळवारी."

"आन् मशीन?"

अश्विनीनं सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंगळवारीच. तुमी पडवीत बसता ना, म्हटलं धूळ नगं. थोडी वल व्हती."

नव्या घराला फरशी होती, पण कुशाबाईचा जीव जुन्या पडवीतल्या मातीच्या जमिनीतच रमायचा. सुनेनं तिच्याच दम्यासाठी ओल्या सारवणावर यंत्र फिरवलं, आणि शेणमातीचा काला पाइपमध्ये जाऊन तिथेच वाळला. आदेशला कळलं तर काय म्हणेल, या धाकानं बिचारी चार दिवस गप्प होती.

"शेन हाय," कुशाबाई म्हणाली. "मारून सुटायचं न्हाई. पानी पाजा त्याला."

हनुमंत हसला, पण आतून ओशाळला. शेणाच्या जमिनीवरच तो लहानाचा मोठा झाला होता. त्याच्याकडे वस्तू आली की तो आधी वास घ्यायचा, मग पाना-पकड उचलायचा. आज जोर दाखवायच्या नादात नाकाला विसरला होता.

पाइप बादलीत बुडवून ठेवला. समोरच्या टपरीतून गेणभाऊनं चहा आणून दिला. हनुमंतानं ग्लास दोन्ही हातांत धरला.

"हात कवापासून असा हाय, भाऊ?" कुशाबाईनं विचारलं.

"कसा? च्या गरम हाय, म्हनून."

"च्या कवाच गार झालाय."

हनुमंतानं ग्लास खाली ठेवून बादलीतला पाइप हलवला. 

अर्ध्या तासानं त्यानं पाइप काढला. सांध्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. आता नुसती पकड हवी होती. त्यानं पीळ दिला आणि हात सरकला. पाइप धोतराला पुसून त्यानं पुन्हा धरला. या वेळी पाइप हातातूनच निसटला आणि फरशीवर पडून बाकाखाली घरंगळत गेला. अश्विनी बाहेर एसटीकडे बघू लागली.

कुशाबाईनं वाकून पाइप उचलला. एक टोक काखेत दाबलं आणि ओली गोधडी पिळावी तसा दुसऱ्या टोकाला पीळ दिला. पाइप सुटला. आतला बोटभर जाडीचा खडा बादलीत पडला.

"तुमीच ढिला केला व्हता," ती घाईनं म्हणाली. "म्या निस्ता हात लावला."

"व्हय की," अश्विनी म्हणाली.

हनुमंतानं पाइप धुतले, पुसले, यंत्र लावून पाहिलं. छान ओढत होतं. दोघी दुपारच्या गाडीनं गेल्या. जाताना कुशाबाई टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हनुमंतभाऊच्या हातात जादू हाय."

मग हनुमंत एकटाच बसून स्वतःशी वकिली करू लागला. वस्तू दुरुस्त होऊनच गेली होती. म्हातारीनं साक्षही दिली होती. दिवसभर काय घडलं हे पुण्यात कुणाला कळणार होतं? पण पाइप निसटला तेव्हाचा तो हलका झालेला हात त्याच्या मनातून जाईना. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि खोटं बोललो तर याहून वाईट वाटेल हेही कळत होतं. तो उठला आणि गेणभाऊच्या टपरीवरच्या फोनमध्ये रुपया टाकला.

"आबा, जेवलात का?" प्रज्ञानं विचारलं.

"एक पाइप आला व्हता. सुटला. पन माझ्याच्यानं न्हाई. पिंपळवंडीच्या एका म्हातारीनं सोडवला."

आठ महिने ती ज्याची वाट बघत होती ते आलं होतं, आणि आता तिलाच ते नकोसं वाटलं.

"एका पाइपचं काय धरून बसता, आबा? बघू अजून थोडे दिवस."

"तू शब्द घेतला व्हतास."

"मी गमतीत घेतला होता."

"म्या गमतीत दिला नव्हता," हनुमंत म्हणाला. "रविवारी ये. सामान लई न्हाई."

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच गेणभाऊनं टपरीतला टेबलफॅन पुढे केला. "हनुमंता, लई खडखडतोय बघ. सवडीनं कर, घाई न्हाई."

"न्हाई जमायचं," हनुमंत म्हणाला.

स्टँडवर गाडी मागे घेत होते. आपलं बोलणं त्यात ऐकू गेलं नसावं असं वाटून गेणभाऊनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. हनुमंतानंही तेच पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. गेणभाऊ पंखा उराशी धरून त्याच्याकडे बघत राहिला. 

"जरा चालू कर," हनुमंत म्हणाला.

पंखा फिरू लागला. हनुमंतानं मान कलती करून थोडा वेळ ऐकलं.

"मागचा बुश गेलाय, त्यानं दांडा खडखडतोय. आळेफाट्याच्या दुकानात दे. त्यांना सांग, बुश तेवढा बदला, वायंडिंगला हात लावू नका. आतली तार चांगली हाय."

गेणभाऊनं कानामागची पेन्सिल काढली आणि बिडीच्या बंडलाच्या कागदावर ते लिहून घेतलं.