गाडी चालंल तवर

देवानं दिलेल्या दोन पायांपेक्षा परदेशातून आलेली चार चाकं जास्त भरवशाची असतात, हा सिद्धान्त श्रीमंततात्यांनी मंगळवेढ्याच्या बाजारात, चहाच्या हॉटेलापुढं, चौदा माणसांच्या साक्षीनं मांडला. मग त्याच चौदांतल्या सहा जणांनी गाडीला धक्का दिला.

गाडीचं छापील नाव औषधाच्या बाटलीवरच्या नावासारखं लांब होतं. गावानं सुटसुटीत करून तिला चार चाकाची फटफटी म्हटलं. हँडल मोटारसायकलचं, चाकं बुटकी आणि जाड, आणि बसायचं घोड्यावर बसल्यासारखं, दोन्हीकडं पाय टाकून. तात्या बांधावरून पडले आणि त्यांच्या खुब्यात सळई बसली, तेव्हा मुलगा अजिनाथ ती सोलापूरहून टेम्पोत घालून घेऊन आला. मेंढरांमागं चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मेंढरांपुढं बसायचं नाही, असं काही ते बोलले नव्हते.

अजिनाथची अट एकच होती. “तात्या, ही गाडी चालंल तवर मेंढरं. ती थांबली की मेंढरं इकायची आन् तुमी दोघं माझ्याकडं सोलापुरात.”

तात्यांनी हसत मान डोलावली. परदेशी माल, कोऱ्या रंगाचा वास, वर वर्षाची हमी. मरेपर्यंतची सोय झाली, असं त्यांना वाटलं. कुणाच्या मरेपर्यंतची, हे हमीपत्रावर छापलेलं नव्हतं.

गाडी शब्दाची पक्की निघाली. वर्षभर तिला काही म्हणजे काही झालं नाही. तेराव्या महिन्यात साखळी तुटली. मग कार्ब्युरेटर गेला, मग पुढच्या चाकाचं बेअरिंग. अजिनाथ हमीपत्रावरचा पत्ता शोधत गेला, तर त्या दुकानात आता लग्नाचे फेटे भाड्यानं मिळत होते. फेटेवाल्यानं गाडीबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि लग्न कुणाचं आहे ते विचारलं.

तिथून पुढं गाडीचं आयुष्य शंकरप्पा मिस्त्रीच्या हातात आलं. त्यानं साखळी मोटारसायकलची बसवली, कार्ब्युरेटर एका मेलेल्या मोपेडचा, बेअरिंग पाण्याच्या मोटारीचं. सीट फाटलं तेव्हा भंगारातल्या एसटीचं बाक कापून लावलं. सायलेन्सर गळून पडला, त्याला काही जोडीदार मिळाला नाही. तेव्हापासून गाडीची फटफट दोन मैलांवर ऐकू यायला लागली. तिसऱ्या वर्षी तिच्यात परदेशातलं उरलं होतं ते इंजिन आणि टाकीवरचं वाघाचं चित्र. त्या वाघाचाही एक डोळा खरवडून गेला होता.

तरी तात्या रोज सकाळी त्या काण्या वाघावर बसून माळावर जायचे आणि मागं सत्तर मेंढरं. फटफट सुरू झाली की कळप उठायचा, बंद झाली की माना खाली घालून चरायचा. हाका मारायला नकोत, शिव्या द्यायला नकोत. तात्यांच्या बापानं शिकवलेली हाळी होती, जीभ टाळ्याला लावून घशातून काढायची, ती तीन वर्षांत एकदाही लागली नाही. जुनी मेंढरं विकली गेली, नवी कोकरं गाडीच्या धुरात मोठी झाली. तात्यांना हे फार सोयीचं वाटलं.

यंदा ज्वारीची काढणी झाली आणि ऐन माळावर इंजिनच्या खालची पेटी तडकली. तेल मातीत गेलं. शंकरप्पानं येऊन गाडीखाली अर्धा तास काढला. बाहेर आला तेव्हा तो तात्यांकडं न बघता हात पुसत राहिला.

“तात्या, हिच्या भवतालचं सगळं मी बदललं. आता आतलंच गेलं. ह्याचा जोड हितं कुटंच गावायचा न्हाय.”

तो चहाला थांबला नाही, तेव्हा तात्यांना खरं कळलं.

अजिनाथनं फोनवरच मेंढ्यांचा व्यापारी ठरवला. रविवारी तो व्यापारी, चनमल्लप्पा, मेंढरं यायच्या आधीच टेम्पो घेऊन थेट माळावर येऊन थांबला. तात्यांची बायको राजाबाई चार दिवस कळप पायी आणत-नेत होती. आज तात्याही कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले आणि मेलेल्या गाडीवर चढून बसले. त्यांचं म्हणणं असं, की गाडी गेली तरी गळा शाबूत आहे. मेंढरं हाळीवर येत-जात असली, तर माणसाला चालायची गरजच काय? एका बांधावर बसून सत्तर मेंढरं राखता येतात. बाप राखायचा.

चनमल्लप्पा भला माणूस. तो म्हणाला, “आली तर मी मोकळा टेम्पो घिऊन जातो की. अजिनाथला मीच सांगतो.”

तात्यांनी घसा साफ केला आणि हाळी दिली. आवाज फाटला, पण हाळी तीच होती. राजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. शंभर पावलांवर सत्तर मेंढरं धसकटात तोंड घालून चरत होती. एकानंही मान वर केली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा दिली. तिसऱ्यांदा देताना खोकला आला.

“अवं, वरडू नगा,” राजाबाई हळू म्हणाली. “तुमचा आवाज त्यास्नी ठावंच न्हाय.”

टेम्पो मेंढरांजवळ न्यायचा म्हणून चनमल्लप्पानं किल्ली फिरवली. टेम्पो जुना, सायलेन्सर सडलेला. फटफट फटफट सुरू झाली.

सत्तर माना एकदम वर झाल्या. मेंढरं धावत आली, तात्यांना वळसा घालून टेम्पोभोवती गोळा झाली. मागची फळी पाडली तर कुणाला ओढावं लागलं नाही, ढकलावं लागलं नाही. एकमेकांच्या अंगावर पाय देत ती आपली आपण चढली. इतक्या वर्षांच्या धंद्यात चनमल्लप्पानं असं पाहिलं नव्हतं, आणि हे कौतुकाचं आहे की काय, हे न कळून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मेंढरं कुठं जाणार, हे तात्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

राजाबाई काठी घेऊन गावाच्या वाटेला लागली होती. ती मागं वळून बघत नव्हती.

फळी लावून चनमल्लप्पा तात्यांपुढं येऊन उभा राहिला. एखादं ठेवायचं असलं तर आत्ताच सांगा, म्हणाला. पोटच्या पोरासारखी वाढवलेली जनावरं, मनात काही ठेवू नका.

तात्या कळपाकडं बघत राहिले. मग त्यांनी खुब्याला हात लावला.

“न्हाय, काय न्हाय,” ते म्हणाले. “जाता जाता मला तेवढं घरापतुर सोडा की. चालवत न्हाय.”