विमानाच्या पोटाचा रंग

मी बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी तरी कुठे कुणावर ठेवतो? मी पत्र्याचा एक तुकडा आहे, तळहाताएवढा. एका लढाऊ विमानाच्या पोटावर छोटी झडप होती, तीच मी. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, प्रत्येक स्क्रूखाली एक वॉशर.

माझा रंग कोणता, हे मला विचारू नका. आपलं तोंड आपल्याला दिसत नाही. एवढंच आठवतं की हवाई दलाच्या तळावर एक तरुण रंगारी जमिनीवर उताणा पडून माझ्यावर फवारा मारत होता आणि निम्मा रंग त्याच्याच नाकात जात होता. विमानाची पाठ सगळे बघतात. पोट बघायची पाळी फक्त शत्रूवर येते. म्हणून पोट रंगवायचं काम नेहमी नवख्याच्या गळ्यात पडायचं.

पुढे विमान भंगारात निघालं. रंगाऱ्याने रीतसर अर्ज केला आणि मला स्क्रू-वॉशरसकट घरी आणलं. तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. एवढ्या मोठ्या विमानातून माणूस पोटाची झडप मागून नेतो, ते उगाच?

तसं काही नव्हतं. माझा रंग उडू नये म्हणून रंगारी वर्षातून एकदा माझ्यावर मऊ ब्रशने वॉर्निशचा हात फिरवायचे, वाळवायचे आणि परत कपाटात ठेवायचे. चाळीस वर्षं हा नेम चुकला नाही. कपाट उघडलं की म्हणायचे, "बघा, हिरवट निळा. हा मी मारलेला रंग." मी मनात म्हणायचो, एवढी माया कुणी फुकट करत नाही. तोवर ते रंगारीबुवा झाले होते. केस गेले, रंगाचा अभिमान राहिला.

त्यांची लेक दातांच्या कवळ्या बनवते. शेजारच्या खऱ्या दाताशी खोटा दात इतका जुळवते, की त्या माणसाच्या बायकोलाही ओळखू येत नाही. असल्या बाईपासून जपूनच राहावं. ती फावल्या वेळात विमानांच्या छोट्या प्रतिकृती करते. यंदा तिने बाबांचंच विमान करायला घेतलं होतं. ते संग्रहालयात कायमचं राहणार होतं आणि खालच्या पाटीवर बाबांचं नाव लागणार होतं.

पाटी लिहिण्याआधी खात्री करायला संग्रहालयाचे परीक्षक घरी आले. त्यांच्या काखेत कायम जाडजूड पुस्तकं, म्हणून सगळे त्यांना पुस्तकवाले म्हणतात. त्यांनी मला भिंगाखाली धरलं, वासही घेतला.

"या विमानाचं पोट राखाडी होतं," ते म्हणाले. "हिरवट कधीच नव्हतं. राग मानू नका, पण तुम्ही नक्की त्याच तळावर होतात ना?"

रंगारीबुवांनी हातातला कप खाली ठेवला. "चला, या आता," एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते धड जेवले नाहीत. "रंग चुकला तर चुकू दे हो, पण मी तिथे नव्हतोच असं कसं म्हणतो तो माणूस," हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पुरावा म्हणून त्यांच्याजवळ फक्त मी होतो.

लेकीने प्लॅस्टिकच्या चमच्यांवर रंगाचे नमुने काढले, एकूण चोवीस. सकाळच्या उजेडात खिडकीशी ती एकेक चमचा माझ्याशेजारी धरायची आणि डोळे बारीक करायची. रंगारीबुवांनी क्षणात सोळा नंबर उचलला. "हाच." तो माझ्याशी तंतोतंत जुळत होता. पण लेकीचं समाधान होईना. तिने नखाने माझी कड खरवडली, नख नाकाशी नेलं. मग बाबा अंघोळीला गेल्याचं बघून तिने माझा एक स्क्रू काढला. 

वॉशर निघाला. त्याखाली वॉर्निश कधी पोचलंच नव्हतं. तिथे गोल, स्वच्छ राखाडी रंग होता. ती पुटपुटली, "वॉर्निश पिवळं पडलंय, म्हणून राखाडी हिरवट दिसतोय."

बाईने वॉशर मुठीत घट्ट धरला. मला वाटलं, आता ही ताकास तूर लागू देणार नाही. स्क्रू परत बसवेल, सोळा नंबर मारेल, बाबाही खूश. मी तसं केलं असतं.

"बाबा," रंगारीबुवा डोकं पुसत आले तशी ती म्हणाली, "इथे बसा. आणि रागावू नका."

त्यांनी ते राखाडी वर्तुळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "म्हणजे हिरवा मी केला?"

"जपता जपता झाला, बाबा."

"स्पिरिट आण."

त्यांनी स्वतः मला पुसलं. कापसाचे बोळे पिवळे होत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. संध्याकाळी त्यांनी स्वतःच पुस्तकवाल्यांना फोन लावला. "तुमचं बरोबर, माझं चूक. पण रंग मीच मारला होता."

 पलीकडून पुस्तकवाले म्हणाले, "पाटीवर नाव कसं लिहायचं तेवढं सांगा." ते एवढ्यावर कसे विरघळले, हे मला अजून कळलेलं नाही.

आता विमान काचेत आहे, पोट राखाडी आहे, पाटीवर नाव आहे. संग्रहालयाने पाहणीसाठी नेलेला मी घरी परत आलोय आणि टेबलावर पडून असतो. रंगारीबुवा रोज मला हातात घेतात, उलटसुलट करतात.

"हा तोच ना गं? त्यांनी बदलून तर नाही दिला?"

"तोच आहे, बाबा."

"मला ओळखीचा वाटत नाही," ते म्हणतात आणि मला खाली ठेवतात.

तुमच्याकडे असं काही जपलेलं असेल तर त्याला हात लावा, पुसा, उजेडात धरा, पण वरून काही चढवू नका. माझं चुकलं असेल, तर ते एवढंच की चाळीस वर्षं मी त्या मायेत काळंबेरं शोधत राहिलो. ती खरी होती, हे मला कळलं तेव्हा ती कापसाबरोबर निघून गेली होती. आता ते माझ्याकडे परक्यासारखं बघतात. मीच तो, हे ओरडून सांगावंसं वाटतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं, की मलाही माझी शंका येते.