शेळीचा खुंट

मोयनाकच्या शाळेत उलबोसिनबाई इतिहास शिकवत होत्या. गावाला पूर्वी समुद्र होता, कापसाच्या शेतांसाठी त्याला मिळणाऱ्या नद्या वळवल्या आणि तो आटला. सातवीची पोरं जांभया देत होती. बाई वैतागल्या. "समुद्राची एक तरी खूण घरात शोधा आणि मला आणून दाखवा."

अयसानेम ताडकन उठली. "आणता नाही येणार, बाई. जमिनीत गाडलीय. तुम्हीच चला."

अख्खा वर्ग तिच्यामागे पळत सुटला. तिच्या अंगणात शेळी एका जाडजूड लोखंडी खुंटाला बांधलेली होती.

"एवढ्याशा शेळीला एवढा खुंट?" परहात हसला. "ती काय गाव ओढून नेते?"

"मलाही आजवर तो शेळीचाच वाटायचा, शहाण्या." अयसानेमला धाप लागली होती. "दोर घासून पडलेली ही खाच बघ. इतक्या जाड दोराने शेळी कोण बांधतं? इथे आजोबांची होडी बांधत असणार."

बाईंनी खाचेवरून हात फिरवला. त्यांचाही आवाज चढला. "म्हणजे पाणी थेट इथवर होतं. मग ते गेलं कुठे, सांगा बघू?"

धड्यातलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पण अयसानेमचं लक्ष शेळीपुढच्या घमेल्याकडे गेलं. शेळी निवांत सरकीची, म्हणजे कापसाच्या बियांची, पेंड खात होती.

"बाई," ती म्हणाली, "ते आमची शेळी खातेय."