लाल टोकाची फीत

माझे वडील, अल्फ, फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये मी लीड्समधला त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ यंत्रांसकट क्रिस्पिनच्या बँडला विकला. जूनमध्ये तिथे परत गेले ती एका गोष्टीसाठी. कपाटात फितीचं एक रीळ राहून गेलं होतं, बँडच्या पहिल्या आल्बमच्या वेळचं, आणि त्यावर वडील बोलले होते. घरी त्यांचा आवाज कुठेच नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपले, स्वतःचा नाही.

भर उन्हाळ्यात बँडमधले सगळे लांब काळ्या कोटांत बसले होते. पहिल्या आल्बमला कुणीतरी ‘काळोखी’ म्हटलं, तेव्हापासून हे लोक बिस्किटसुद्धा खिन्नपणे खातात. दुसरा आल्बम त्याहून काळा हवा होता. क्रिस्पिनचे वडील लंडनजवळच्या सरेमध्ये दातांचे डॉक्टर आहेत आणि ठणठणीत आहेत, त्यामुळे दुःख त्याला बाहेरून आणावं लागतं.

“हेदर! ये, आल्बमची सुरुवात ऐक,” तो म्हणाला.

खर्जात बास गिटार सुरू झाली आणि तिच्यावर एक पुरुष बोलू लागला. एकही शब्द कळेना. प्रत्येक शब्द घशात परत ओढून घेतल्यासारखा.

“अल्फचं रीळ,” क्रिस्पिन कुजबुजला. “नुसतं लावलं आणि हे आलं. पलीकडून बोलतोय तो.”

“मी तर रडलो,” बासवाला डंकन म्हणाला.

“तू टोस्ट करपला तरी रडतोस,” ड्रमवरची मॉर्वेना म्हणाली.

मी यंत्राकडे पाहिलं. रिळाच्या डबीवर लाल पट्टी होती. काम संपल्यावर वडील फीत कधीच मागे गुंडाळत नसत. शेवट बाहेर ठेवला की फीत चांगली टिकते, असं त्यांचं म्हणणं, आणि त्या टोकाला आणि डबीवर ते लाल पट्टी लावत. आधी मागे घ्यायची, मग ऐकायची, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. यांनी तशीच चढवली होती. शेवटाकडून, उलटी.

“मला ते रीळ हवंय.”

“अशक्य. अख्खा आल्बम त्यावर उभा आहे. ते आता कलेचं आहे, हेदर.”

“मग कलेला एकदा सुलटं ऐकव.”

मी रीळ उजवीकडे चढवलं, फीत डावीकडे गुंडाळून घेतली आणि यंत्र सुरू केलं.

“कोणी केलाय हा चहा? पाण्याला पिशवी नुसती लांबून दाखवली वाटतं.” मग वडिलांचा तो खोकला. माझ्या ओळखीचा. “क्रिस्पिन, बाळा, ती ओळ परत म्हण. आधी नाक शिंकर. मेल्यासारखा नाही वाटत तू, पडसं झाल्यासारखा वाटतोस.”

मॉर्वेना हसता हसता स्टुलावरून घसरली. डंकनने कोटाच्या बाहीत तोंड लपवलं. क्रिस्पिनचे कान लाल झाले.

“सुरुवात पुसून टाका,” तो म्हणाला.

“का रे? पलीकडून बोलतोय ना?” मॉर्वेना म्हणाली.

“घेऊन जा ते, हेदर. आत्ता.”

मी घाई केली नाही. लाल टोक येईपर्यंत फीत चालू दिली, वडील ठेवत तशी डबीत ठेवली आणि निघाले.

बसमध्ये डबी मांडीवर घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की ती फीत वाजवायचं यंत्र मीच त्यांना विकलंय.