शिंगराच्या डोळ्यांभोवतीची काजळी

ये, आत ये. उंबऱ्यावर पाय नको देऊस, आणि चुलीच्या या अंगाला बैस. बाहेर पांढरी घोडी बांधलेली पाहिलीस ना? तिच्यापायी आमचं अख्खं खोरं एक उन्हाळाभर चळाचळा कापत होतं. त्यात मीही होतो, खोटं कशाला बोलू? सांगतो, ऐक. तुझा चहा निवायच्या आत संपवतो.

माझी बहीण दोलगोर. तिच्या पोरीचं जावळ होतं. झांदान तिचं नाव, चौथं लागलेलं. तामीर नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं जमली होती. निळं रेशीम बांधलेली कात्री हातोहात फिरत होती. जो तो पोरीची एक बट कापायचा, मायेनं तिच्या गालाचा वास घ्यायचा आणि ओंजळीत काहीतरी ठेवायचा. मामानं शिंगरू द्यायचं ही आमची रीत. माझ्या काळ्या घोडीला त्या वसंतात झालेलं शिंगरू मी पुढं आणलं. कोळशासारखं काळं आणि तुळतुळीत, जन्मापासूनच तसं. पोरगी त्याच्या गळ्यातच पडली.

तेवढ्यात ढोल वाजला. चुल्तेम देवरुषी आला.

हा खिंडीपलीकडचा. डोक्यावर घुबडाची पिसं, तोंडावर काळ्या झिरमिळ्या. त्याच्या अंगात येणारा पूर्वज सातशे वर्षांचा म्हणे, पण सिगारेट मागायचा ती फिल्टरचीच. तो घुमला, पडला, उठला. मग सरळ शिंगराकडं गेला. त्याची पापणी वर केली, नाक लावून हुंगलं आणि म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाला, "हा रंग याचा नाही. रंग उसना आहे."

फिरती कात्री थांबली.

"शिंगराचा रंग आणि पोरीचा जीव आज एका दोराला बांधलात तुम्ही. घोड्यांचं दूध आटायच्या आत याच्या डोळ्यांभोवती पांढरं कडं उगवेल. मग तोंड पांढरं, मग अंग. रंग गेला की पोर गेली."

मी म्हणालो, "अहो, आई काळी, आमचा वळू घोडा तांबडा. पांढरं येईल कुठून?"

"म्हणूनच तर," तो म्हणाला आणि दारूची वाटी पुढं केली.

आता यात गोम कळली का? आम्ही घोड्यांतच जन्मलेली माणसं. पांढऱ्या घोड्याचं शिंगरू काळं जन्मून पुढं पांढरं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आईबापांत एक तरी पांढरं लागतं, हेही ठाऊक होतं. आणि आमच्या कळपात पांढरं औषधालासुद्धा नव्हतं. अडाण्याला भीती वाटली नसती एवढी आम्हा जाणत्यांना वाटली.

उन्हाळा सरत आला. शिंगराची लव झडली, आणि एका सकाळी दोलगोर दूध काढता काढता थांबली. मला नुसती हाक मारली, "दादा." मी जाऊन पाहिलं. शिंगराच्या दोन्ही डोळ्यांभोवती पांढरे केस. म्हाताऱ्यानं चष्मा लावावा तसे.

बातमी मोटारसायकलवरनं फिरली. माणसं लांबलांबून यायची, शिंगराचे डोळे बघायची आणि चहाही न घेता निघायची. आमच्याकडं पाहुणा चहा न घेता गेला म्हणजे काय ते समज. त्यातच पोरीला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. तिच्यापुढं कुणी काही बोलत नव्हतं, पण एवढंसं पोरही बहिरं नसतं. सकाळी उठली की तंबूचा पडदा सारून आधी शिंगराकडं बघायची. म्हणून दोलगोर तिच्याआधी उठायची, किटलीच्या बुडाची काजळी बोटावर घ्यायची आणि शिंगराच्या डोळ्यांभोवती चोळायची. माझी बहीण लांडग्याला काठीनं हाणणारी बाई. तीच आता पोरीची चाहूल लागली की काळं बोट बाहीत लपवायची.

आम्ही चुल्तेमकडं गेलो. त्यानं उपाय सांगितला. घोडी आणि शिंगरू दोन्ही देवाच्या नावानं सोडायची. मानेला निळी फीत बांधायची आणि राखायची त्याच्या कळपात. फीत बांधलेल्या जनावरावर मालकाचा हक्क उरत नाही, हे तर लहान पोरही जाणतं. आणि तोवर पोरीला सुई टोचायची नाही. लोखंड लागलं की दोर तुटेल. माझी घोडी शर्यतीत कुणाला पुढं जाऊ देत नसे. पण घोडीचं काय घेऊन बसलास? त्यानं माझा तंबू मागितला असता तरी दिला असता.

ठरल्या दिवशी आम्ही खिंड ओलांडली. त्याच्या तंबूपुढं जत्रा भरलेली. दोलगोरच्या मांडीवर झांदान, श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. ढोल घुमायला लागला होता, तेवढ्यात दवाखान्याची जीप आली. सेवजिद डॉक्टरीण. कुणीतरी तिला कळवलं होतं. तिनं पोरीच्या छातीला कान लावला नि म्हणाली, "न्यूमोनिया आहे. आत्ता इंजेक्शन द्यायला हवं."

दोलगोरनं पोर छातीशी धरली. "आधी रंग थांबू दे, डॉक्टरबाई."

डॉक्टरीण ओरडेल असं मला वाटलं. ओरडली नाही. शिंगराजवळ गेली, डोळ्यांभोवती अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेली काजळी बघितली. मग दोलगोरच्या काळ्या बोटाकडं बघितलं.

"हे पांढरं होणार हे यांनी ओळखलं? मग मीही ओळखते. आमच्या घरी पांढरे घोडेच होते."

बाजूला दोराला चुल्तेमची शिंगरं बांधलेली होती आणि त्याची बायको घोड्या पिळत होती. डॉक्टरीण एकेका शिंगराच्या पापण्या उलटत गेली. "हे पांढरं होईल. पापणीचे केस आत्ताच पिकलेत. हे नाही. काळं राहणारं शिंगरू असं उंदरासारखं मळकट जन्मतं. आणि हे बघा, जन्मतःच मोठ्या घोड्यासारखं गडद आणि तुळतुळीत. हेही होणार."

बायको बादलीतनं मान वर न करता म्हणाली, "बरोबर. ती दोन म्हाताऱ्या पांढऱ्याची."

ढोल थांबला.

"कुठला म्हातारा पांढरा, वहिनी?" मी विचारलं.

आता तिनं मान वर केली आणि नवऱ्याचं तोंड बघितलं. पण उशीर झाला होता. एवढ्या माणसांत माझी घोडी बावरून खिंकाळली, आणि टेकडीमागनं उत्तर आलं. मग टेकडीवर तो वळू दिसला. पांढराशुभ्र. मान जमिनीला लावून उतरत आला आणि कळपातली चुकार घोडी वळवावी तसा माझ्या घोडीला मागं हाकायला लागला.

"मागच्या साली धुळीच्या वादळात घोडी हरवली होती ना, दादा?" दोलगोर हळू म्हणाली. "पंधरवड्यानं आणून कुणी दिली?"

चुल्तेमनंच. आणून दिली, वर चहाशिवाय काही घेतलं नाही. आम्ही त्याला देवमाणूस म्हणालो होतो. तो पंधरवडा घोडी या वळूच्या कळपात होती. तिला झालेलं शिंगरू तुळतुळीत काळं दिसलं, पापणीत दोन पांढरे केस दिसले, आणि सातशे वर्षांचा पूर्वज बोलायला लागला.

"आणि पांढरं झालं नसतं तर?" गर्दीतनं एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तर म्हणाले असते, मी वाचवलं," डॉक्टरीण म्हणाली. "ताप पोरीला छातीतल्या जंतूंनी आलाय. शिंगराला रंग बापाकडनं आलाय. दोघांमध्ये दोर नाही. आता पोर द्या."

चुल्तेमनं झिरमिळ्या तोंडावर ओढल्या नि पूर्वज रागावलाय असं काहीतरी पुटपुटला. त्याला सिगारेट द्यायला कुणी उठलं नाही.

जीपच्या बॉनेटवर डॉक्टरणीनं सुई भरली. ती टोचली तेव्हा मी डोळे मिटले होते, हे खरं. अक्कल आली म्हणून भीती लगेच जाते होय? पोरगी दवाखान्यात होती तोवर मी दारात बसून होतो आणि प्रत्येक खोकल्याला शिंगरूच डोळ्यांपुढं यायचं. ताप उतरला. घरी आली त्या दिवशी दोलगोरनं कोमट पाणी घेतलं, पोरीला कडेवर घेतलं आणि तिच्याच हातानं शिंगराची काजळी धुऊन काढली. खालचं पांढरं कडं पोरीनं बोटानं चाचपलं. "मामा, याला आजोबांसारख्या भुवया आल्या," म्हणाली आणि हसली.

आता तेच शिंगरू घोडी होऊन बाहेर उभं आहे. दुधासारखी पांढरी झालीय. आणि झांदान तिच्यावर बसून मोठ्या शाळेत जाते.

तुला पुढं खिंडीकडंच जायचंय ना? मग माझं एक काम कर. वाटेत कुणी शिंगराकडं, पोराकडं, आकाशाकडं बोट दाखवून भविष्य सांगायला लागला, तर घाबर हवं तर, पण आधी विचार, "याचा बाप कुठं चरतोय?" आणि कुठल्या तंबूत पोर तापानं फणफणत असेल, तर त्याच्या आईला ही गोष्ट चहा निवायच्या आत सांग आणि दवाखान्याची वाट दाखव.