आठ पिनांच्या आतला धडा

मी एक जुना स्टेपलर आहे. मित्रांनो, माझा निळा रंग केव्हाच उडाला, शेपटीला गंज चढला, आणि ज्या खणात मी पडलो आहे तिथे सोबतीला एक सुकलेलं शाईचं पॅड आणि दात पडलेला कंगवा आहे. दोघेही मुके. म्हणून तुमच्याशी बोलतो. थोडं वाढवून सांगायची मला पहिल्यापासून खोड आहे, हे आधीच कबूल करतो. पण खारूची गोष्ट आली की पिनेच्या टोकाएवढंही वाढवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा दाबला, वाकवला, पोटात स्प्रिंग घातली आणि मला जगात सोडलं. तपासणाऱ्या माणसाने माझ्या तोंडात चाळीस कागद दिले. मी ते एका दमात टाचले. खरं म्हणजे पंधराच होते, पण सांगताना चाळीस बरे वाटतात.

तिथून मी एका शाळेच्या ऑफिसात आलो. शाळा एका धार्मिक संस्थेची होती. पुढे प्रार्थनागृह, मध्ये शाळा, मागे नोकरांच्या खोल्या. ऑफिसात एकच टेबल आणि त्या टेबलाशी एकच बाई. सगळे त्यांना ऑफिसच्या बाई म्हणत. त्यांचा नवरा प्रार्थनागृहाची राखण करायचा. तो गेल्यावर संस्थेने बाईंना नोकरी दिली आणि मागच्या दोन खोल्या राहायला ठेवल्या. बाई हे उपकार रोज सकाळी दात घासावेत तितक्या नेमाने आठवत.

बाईंनी मला जीव लावला. दर शनिवारी शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब माझ्या जबड्यात पडायचा, मग जुन्या मऊ फडक्याने पुसणं. बाईंची पिन कधी तिरकी गेली नाही. डाव्या कोपऱ्यात, अगदी सरळ, सगळ्या कागदांना सारखी. एकदा तर मी अर्जाबरोबर शिपायाची बाहीही टाचली आणि बाही अर्जासकट सरकारी कचेरीत जाऊन मंजूर होऊन आली. तुम्हाला पटणार नाही. सोडून द्या.

बाईंची मुलगी मला मगर म्हणायची. तिला सगळे खारू म्हणत, कारण पेन्सिलींची टोकं कुरतडायची. ऑफिसातच माझ्या बाजूला बसून ती मुळाक्षरं शिकली. बघता बघता नववीत गेली, आणि त्याच वर्षी ते पुस्तक आलं.

शिक्षण खात्याचं नवं पुस्तक होतं. त्यात पान बासष्ट आणि त्रेसष्ट, समोरासमोर, एक छोटा धडा होता. माणसं वेगवेगळी असतात. कुणा मुलाला मुलगा आवडतो, कुणा मुलीला मुलगी, कुणाला आपण मुलगा की मुलगी हेच जगाने सांगितल्यापेक्षा वेगळं जाणवतं. त्यांना चिडवू नये, एकटं पाडू नये. एवढंच. पण एवढ्यावरून ऑफिसात सभा भरली आणि माझ्या डोक्यावर चार जणांचे चहाचे कप ठेवले गेले.

"माझ्या पोराला नको ते कळेल," एक पालक म्हणाले.

"पोराला कळलंय हो, तुम्हालाच उशीर झालाय," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी दहावीतल्या त्या मुलाला चिडवून चिडवून आपणच शाळेतून घालवलं. हा धडा तेव्हा असता तर?"

"तेव्हा नव्हता, म्हणून तर शाळा चालली," मुख्याध्यापक म्हणाले आणि पालक हसले.

मग सगळे धर्मगुरूंकडे बघू लागले. मुलं त्यांना हळूबाबा म्हणत. ते इतकं हळू बोलत की रागावले तरी कुणाला शपथेवर सांगता येत नसे.

"पान फाडलं तर सरकार विचारेल," ते म्हणाले. "शिकवलं तर देव विचारेल. दोघांनाही उत्तर देता येईल असं काही आहे का?"

आणि मित्रांनो, तेव्हा माझ्या बाई बोलल्या. कुणी विचारलं नव्हतं, गरज नव्हती. पण इतकी मोठी माणसं अडलेली बघून त्यांना राहवलं नाही. उपयोगी पडायची सवय वाईट असते.

"ती दोन पानं एकमेकांना टाचून ठेवली तर?" बाई म्हणाल्या. "पुस्तकही शाबूत, धडाही बंद."

हळूबाबांनी डोळे मिटले आणि उघडले. "बाईंनी संस्थेची लाज राखली," ते म्हणाले. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत असं कौतुक झालं नव्हतं.

दीडशे पुस्तकं, प्रत्येकाला आठ पिना. तीन वर, तीन बाजूला, दोन खाली. शाळा सुटल्यावर खारू पुस्तकं उघडून देई आणि बाई मला दाबत.

"यात आहे काय एवढं?" खारूने विचारलं.

"मोठ्यांचं आहे. तू वाचू नकोस, नुसतं दे."

"मोठ्यांचं आहे तर नववीच्या पुस्तकात कसं?"

"खारू, तोंड कमी, हात जास्त."

खारू पुस्तकं देत राहिली. पण एका पुस्तकाशी तिचा हात थोडा थांबला. बाई पिना भरत होत्या. त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं.

आता गंमत ऐका. ज्या पोरांनी आयुष्यात पाठ्यपुस्तकाला पाय सोडून काही लावलं नव्हतं, ती मधल्या सुट्टीत बासष्टावं पान शोधू लागली. टाचलेली पानं फुगवून, एक डोळा मिटून, दुर्बिणीसारखी आत बघू लागली. दिसायचं अर्धं वाक्य आणि शेजाऱ्याचं नाक. त्या अर्ध्या वाक्यावरून पोरांनी जे धडे रचले, ते शिक्षण खात्याने वाचले असते तर खातं बंद केलं असतं. प्रयोगशाळेत लोहचुंबक काढलं की अख्ख्या वर्गाची पुस्तकं टेबलावरून सरकायची, असंही म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

एका दुपारी बाई कागद घेऊन प्रार्थनागृहात गेल्या होत्या. खारू ऑफिसात आली, दार लोटलं, आईच्या खुर्चीत बसली. माझी चपटी शेपटी तिने पिनांच्या पायांखाली सारली आणि एकेक पिन सरळ करून उपसली. धडा वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला, पहिलीत वाचायची तसा. मग कुरतडलेल्या पेन्सिलीने आत एक शब्द लिहिला, पानं मिटली आणि माझ्या पोटातल्या आठ ताज्या पिना, शक्य तितक्या त्याच जागी, मारल्या. आईसारखा सफाईदार हात. पण मित्रांनो, एका पिनेची भोकं दोन असतात. दोनदा टाचलं की चार होतात. ही गोष्ट पोरीला माहीत नव्हती. बाईंना होती.

मग निरोप आला की शाळा तपासायला साहेब येणार. लगेच हुकूम निघाला, सगळ्या पिना काढा. बाईंनी पुस्तकं आणि मला पिशव्यांत भरून घरी नेलं. संध्याकाळभर माझी शेपटी चालत होती. दीडशे वेळा तो धडा त्यांच्या मांडीवर उघडला, आणि दीडशे वेळा त्यांची नजर कडेवरच राहिली, जिथे पिना होत्या. आतला एक शब्द त्यांनी वाचला नाही. भीतीने नव्हे. कामात लक्ष होतं.

एका पुस्तकाशी त्या थांबल्या. चार चार भोकं. कव्हरवर लेकीचं नाव. त्यांनी ते झटकन मिटलं.

"तू उघडलंस?"

खारू चूल पुसत होती. "हो."

"का?"

"त्यात माझ्याबद्दल लिहिलंय, आई."

बाईंनी आधी खिडकी लावून घेतली. "हळू बोल. भिंतीपलीकडे माणसं राहतात."

"काय लिहिलंय ते तरी विचार."

"मला नाही ऐकायचं. हे छप्पर कुणाचं आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," खारू म्हणाली. "रोजच तर सांगतेस."

बाईंनी पुढचं पुस्तक ओढलं.

साहेब आले. चहा घेतला. पुस्तक चाळताना बासष्टाव्या पानाशी थबकले. त्यांनी मलाच कागदावर दाब म्हणून ठेवलं होतं, म्हणून मी सगळं समोरूनच पाहिलं.

"ही भोकं कसली?"

"वाळवी, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

"वाळवी? इतकी रांगेत?"

"आमच्या शाळेत शिस्त आहे, साहेब."

साहेब हसले. पण हुशार माणूस. नववीच्या मुलांना ऑफिससमोरच्या ओसरीत बोलावून त्यांनी विचारलं, या धड्यात काय सांगितलं आहे? पोरं एकमेकांकडे बघू लागली. आणि एक हात वर गेला.

खारूने सगळा धडा सांगितला. अडखळली नाही, लाजली नाही. ऑफिसच्या दारात बाई फाईल घेऊन उभ्या होत्या.

साहेबांनी शेरा लिहिला: धडा उत्तम शिकवला आहे. शाळा तपासणीत पास झाली, मित्रांनो. खारूमुळे.

साहेबांची गाडी गेल्यावर दार लावलं गेलं.

"मुलीला हे कुठून कळलं?" हळूबाबांनी विचारलं.

बाईंना म्हणता आलं असतं, मीच वाचून दाखवलं. म्हणता आलं असतं, तिने शाळा वाचवली. मी वाट बघत होतो. माझी स्प्रिंग ताणून धरली होती.

"माझं लक्ष नव्हतं, बाबा," बाई म्हणाल्या. "चूक झाली."

"चूक मुलीची आहे. वय कोवळं आहे. तिला थोडे दिवस मावशीकडे पाठवा," हळूबाबा म्हणाले. "तुमच्या खोल्यांचं काही मनात आणू नका. आम्ही तसे नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी सर्वांत हळू म्हटलं.

विज्ञानाच्या बाई उठून बाहेर गेल्या. तेवढंच.

शाळा सोडल्याचा दाखला बाईंनी स्वतः लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पालकांची विनंती. मग अर्ज आणि दाखला एकत्र करून मला दाबलं. पिन वाकली. पुन्हा दाबलं. पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा त्यांनी मूठ आपटली. लोक म्हणतात यंत्र अडकलं. मित्रांनो, मी तोंड उघडत नव्हतो. माझ्या अंगी एवढाच विरोध होता, तो मी केला. चौथ्या मुठीला पिन गेली. तिरकी गेली. बाईंच्या हातून गेलेली ती पहिली तिरकी पिन.

खारू मावशीच्या गावी गेली. दीडशे पुस्तकं पुन्हा टाचली गेली, खारूचंही, कारण शाळेची पुस्तकं परत करायची असतात. आता त्याला सहा सहा भोकं होती. पण ते पुस्तक बाईंनी कपाटात ठेवलं नाही. ते या खणात, माझ्यावर ठेवलं.

एका दुपारी ऑफिसात कुणी नसताना त्यांनी ते बाहेर काढलं. पिना माझ्या शेपटीने काढल्या नाहीत, नखांनी काढल्या. धडा वाचला. दोनच पानं, वेळ किती लागणार. शेवटी एक ओळ होती. मनातलं सांगायला भीती वाटत असेल तर विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. तुमचं ते माणूस कोण? पुढे रिकामी जागा. त्या जागेत पेन्सिलीने लिहिलं होतं: आई.

बाईंनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी फोन लावला.

"खारू, मी वाचलं."

"कधी?"

"आज."

"बरं," खारू म्हणाली. "मावशी जेवायला बोलावतेय. ठेवते."

तेव्हापासून शनिवारचं तेल बंद झालं. बाई नव्या स्टेपलरने काम करतात, तो लाल आहे आणि फार बोलत नाही. मला गंज चढतो आहे, त्याची तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात स्टेपलर असेल तर त्याला कधीमधी तेल द्या, ओल्या हाताने धरू नका. आणि काही टाचायला घ्याल तेव्हा आधी ते वाचा. मला डोळे असून हात नव्हते. बाईंना दोन्ही होते. पिन उपसता येते, भोकं बुजत नाहीत. हे मी वाढवून सांगत नाही.