धुकेरीत पाट्या नाहीत

‘धु’च्या उकाराखाली लोंबणारा रंगाचा तो थेंब… आता पडेल, मग पडेल म्हणत तो शिडीवर ब्रश हवेतच धरून उभा राहिला, आणि थेंब मात्र हट्टाने लोंबतच राहिला. शेवटी बोटाने टिपला. धुकेरी लॉन्ड्री. गेल्या आठवड्यात धुकेरी लॉज, त्याआधी धुकेरी ड्रायव्हिंग स्कूल — डोंगरात कुठेच नसलेलं एक गाव, बायकोने पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रचलेलं, आणि आता तिचं पुस्तक वाचून वेडं झालेलं अख्खं शहर ते नाव दारावर लावून घ्यायला त्याच्याकडेच येत होतं. पाट्या रंगवणाऱ्याला आणखी काय हवं, असं सगळे म्हणत. हवं होतं. बरंच काही हवं होतं.

पुस्तक त्याने चोरून वाचलं होतं, दुकानाचं शटर ओढून, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून. धुकेरीत कुणी म्हातारं होत नाही, दारांना कुलपं नाहीत, आणि — हे वाक्य त्याने दोनदा वाचलं — पाट्या नाहीत. सगळे सगळ्यांना ओळखतात, मग पाटी कशाला? म्हणजे माझा धंदाच नाही तिथे. वाण्याला ठेवलं, शिंप्याला ठेवलं, माहेरच्या पोस्टमनलासुद्धा घर दिलं हिने, आणि नवऱ्याला…

आणि नदीकाठचा तो माणूस! काम नाही, धंदा नाही, पाय पाण्यात सोडून बसलेला, आणि त्याच्या नुसत्या मानेवर हिची दोन पानं. कोण हा? कॉलेजातला कुणी? लग्नाआधी सांगून आलेला? तो जळत होता. आडवळणाने कशाला बोला — कागदावरच्या एका माणसावर तो चक्क जळत होता.

“पेंटर, ‘री’ जरा ठसठशीत काढा,” खालून लॉन्ड्रीवाला ओरडला. “आणि वहिनींना विचारा ना, तो धुकेरीतला इस्त्रीवाला मीच का?”

“तूच रे बाबा. दुसरा कोण असणार!”

दुपारी जेवताना दुखरी पाठ भिंतीला टेकवून त्याने तो विषय काढायचा नाही असं ठरवलं, आणि काढलाच.

“धुकेरीत पाट्या का नाहीत गं?”

“तुमची पाठ,” ती वाढता वाढता म्हणाली. “तिथे तरी शिडीवर चढायला नको.”

घास हातातच राहिला. “मी… आहे तिथे?”

“अहो, नदीकाठी बसलेले असता की दिवसभर! एवढं लिहिलं तरी ओळखलं नाही?”

आनंद व्हायला हवा होता. झालाही, एका घासापुरता. मग तिच्या बोटावरचा शाईचा डाग पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं — रोज पहाटे, मी कण्हत कुशीवर वळतो तेव्हा ही हळूच उठते, टेबलावरचा दिवा लावते आणि त्याच्याकडे जाते. ज्याची पाठ दुखत नाही, ज्याच्या हातांना टर्पेंटाइनचा वास येत नाही, जो हिच्यावर एकदाही खेकसलेला नाही. माझंच तोंड घेऊन बसलाय लेकाचा… आणि तिकडून आली की मला चहा करून देते.

“आणखी वाढू?” तिने विचारलं, इतक्या मायेने, की हे आपल्याला विचारलं की नदीकाठच्या त्या माणसाला, हेच कळेना.